राजधान्यांची विरळणी

युरोपचा बेत ठरला की घरात सर्वांत आधी तयार होते ती शहरांची यादी. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. चौदा रात्री, सात राजधान्या आणि सगळा प्रवास रेल्वेने. सायखेडा, चांदोरी, निफाड या आमच्या गोदाकाठच्या पट्ट्यातून अशा सहलीला निघणारी माणसे आता कमी नाहीत. कोणाचा मुलगा जर्मनीत नोकरीला असतो, कोणी द्राक्षाचा हंगाम बरा गेला म्हणून निघतो, कोणी निवृत्तीची रक्कम हातात आल्यावर वर्षानुवर्षांची हौस पुरी करू पाहतो. या हौसेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ती नीट पुरी व्हावी म्हणूनच हे लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच, की ही यादी निम्म्यावर आणल्याशिवाय एकही तिकीट काढू नये. रेल्वेने राजधान्या पाहणे हा फार सुखाचा प्रवास आहे, पण शहरे मोजकी असतील तोवरच.

आधी तासांचा हिशेब मांडू. पॅरिस ते ब्रुसेल्स वेगवान गाडीने साधारण दीड तास, ब्रुसेल्स ते ॲमस्टरडॅम दोन, ॲमस्टरडॅम ते बर्लिन सहा, बर्लिन ते प्राग सव्वाचार ते साडेचार, प्राग ते व्हिएन्ना चार, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन. बेरीज वीस-एकवीस तास. पंधरवड्याच्या सहलीत एवढे काहीच नाही असे वाटते, आणि इथेच फसगत होते. वेळापत्रकात फक्त गाडीचे तास असतात. सामान आवरणे, हॉटेल सोडणे, स्टेशन गाठणे, फलाट शोधणे, नव्या शहरात उतरल्यावर तिथल्या मेट्रोचे तिकीट समजून घेणे, पुढचे हॉटेल हुडकणे, याचे तास कुठेच छापलेले नसतात. त्यात जुनी खोली सकाळी अकराच्या सुमारास सोडावी लागते आणि नवी दुपारी तीनच्या आधी सहसा मिळत नाही. मुक्काम हलवण्याचे असे तीन तास दर वेळी धरले, तर सहा वेळचे अठरा तास होतात. गाडीचे तास मिळवून आकडा चाळिशीला टेकतो. जाण्या-येण्याचे दिवस वगळून रोज दहा तास फिरायचे म्हटले, तर सगळ्या सहलीत हाताशी असतात एकशेतीस तास. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा बॅगा ओढण्यात आणि वाट पाहण्यात जातो. त्याऐवजी बर्लिन, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट एवढ्याच चार राजधान्या घेतल्या, तर हाच खर्च वीस तासांवर येतो. वाचलेले वीस तास म्हणजे दोन पूर्ण दिवस. आणि ते दिवस थकव्याचे नसतात, हा फायदा आणखी वेगळा.

आमच्या भागातल्या द्राक्ष बागायतदाराला हे पटवून देण्याची खरे तर गरज पडू नये. निर्यातीचा माल करायचा तर वेलीवरचे घड मोजून ठेवतात आणि घडातले मणी विरळ करतात. ठेवलेला मणी फुगावा म्हणून चांगला दिसणारा मणीही काढावा लागतो, आणि तो काढताना हात आखडला तर शेवटी सगळाच घड बारीक राहतो. सहलीची यादीही अशीच विरळावी लागते. शहराला एक दिवस दिला की ते शहर त्या दिवसाच्या वारावर आणि हवेवर अवलंबून राहते. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तिथलेच ओर्से सोमवारी. प्रागमधले ज्यू संग्रहालय शनिवारी उघडत नाही. ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे दारावर मिळतच नाहीत. सहा आठवडे पुढची तिकिटे दर मंगळवारी ऑनलाइन सुटतात आणि भराभर संपतात. बर्लिनच्या संसदभवनावरचा काचेचा घुमट पाहायला पैसे पडत नाहीत, पण नाव आधी नोंदवावे लागते. पॅरिसला तुमचा एकुलता एक दिवस मंगळवारी आला तर लूव्रचे दार पाहून परतावे लागणार. तेच तिथे तीन रात्री राहिलात तर कोणताही वार तुमचे फारसे बिघडवू शकत नाही. पावसाने एक सकाळ गेली तरी दुसरी असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो अगदी मनापासूनचा असतो: पुन्हा कधी जाणार? आयुष्यात एकदा एवढा खर्च करायचा, तर जेवढे पदरात पडेल तेवढे पाहून घ्यावे. या आक्षेपाला हसण्यावारी नेता येत नाही. सायखेड्याच्या माणसाला युरोप जवळ नाही. मुंबईचा विमानतळ गाठायलाच घाट उतरून चार-पाच तास जातात. तरीही हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो असे मला वाटते. एकदाच जायचे असेल, तर जे पाहू ते मनात राहावे ही गरज अधिक मोठी. मराठीतली चांगली प्रवासवर्णने आठवून पाहा. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० च्या ‘अपूर्वाई’त लंडन आणि पॅरिस जिवंत झाले, ते तिथे पाय रोवून राहणे झाले म्हणून. मीना प्रभूंनी ‘माझं लंडन’, ‘रोमराज्य’, ‘ग्रीकांजली’ अशी एकेका शहराची, एकेका देशाची पुस्तके लिहिली. आपल्याला पुस्तक लिहायचे नसते हे खरे, पण तिसऱ्या दिवशी बेकरीवाली ओळखीचे हसते, ट्रामचा क्रमांक पाठ होतो, संध्याकाळी नदीकाठी नुसते बसता येते, आणि हलकीफुलकी सहल म्हणून आपल्याला जे हवे असते ते इथेच सुरू होते. पहिल्या दिवशी माणूस फक्त रस्ता शोधत असतो.

दुसरा आक्षेप रेल्वेच्या पासाचा. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ पासून युरेल पास मिळतो आणि आज तो तेहतीस देशांत चालतो. युरोपातच राहणाऱ्या मुलामुलींना मात्र इंटररेल हा वेगळा पास घ्यावा लागतो. आईवडिलांसाठी आणि स्वतःसाठी एकच पास काढायला जाऊ नये. पास हातात आला की तो वसूल करण्याची घाई लागते आणि चार शहरांची सात होतात. पण पास म्हणजे सगळीकडे मोकळी जागा नव्हे. पॅरिस-ब्रुसेल्स मार्गावरच्या वेगवान गाड्या, फ्रान्सच्या टीजीव्ही, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्या यांत पास असूनही आसनाचे आरक्षण सक्तीचे असते, त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि पासधारकांसाठी ठेवलेली आसने काही गाड्यांत मोजकीच असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक इथे बहुतेक गाड्यांना ही सक्ती नाही. चार शहरे असतील तर प्रवास तीनच होतात, आणि तीन प्रवासांसाठी आगाऊ काढलेली सुटी तिकिटे बहुतेक वेळा पासापेक्षा स्वस्त पडतात. पास शोभतो तो महिनाभर मोकळे हिंडणाऱ्या तरुणाला, ज्याला उद्या कुठे जायचे ते आज ठरवायचे असते.

तिकिटांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या सवयी तिथे उपयोगी पडत नाहीत. भारतीय रेल्वेत १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी आरक्षण उघडते, भाडे बहुतेक गाड्यांत ठरलेले असते आणि वेटिंग लिस्ट नावाची आशा असते. तिथे लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटे साधारणपणे तीन ते सहा महिने आधी सुटतात आणि विमानासारखी महाग होत जातात. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेले असते. ती चुकली तर पुढच्या गाडीत ते चालत नाही आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे तिकीट आणि आसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आसनासाठी थोडे जादा पैसे द्यावे लागतात. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर ते पैसे वाचवू नयेत.

आणि गाड्या नेहमी वेळेवर धावतात, हा समज घरीच ठेवून निघावे. जर्मन रेल्वेच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आत पोहोचलेली गाडी त्यांच्या हिशेबी वेळेवरच असते. स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांची कडक मर्यादा लावूनही नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवासी वेळेवर पोहोचतात, म्हणजे सगळा युरोप एका मापाने मोजता येत नाही. म्हणून गाडी बदलावी लागत असेल तर संपूर्ण प्रवासाचे एकच सलग तिकीट काढावे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर सलग तिकिटावर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते. दोन सुटी तिकिटे असली तर नुकसान तुमचे. युरोपीय संघाच्या ७ जून २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार मुक्कामी पोहोचायला तासाभराहून उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा अधिक झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. टोकाचे हवामान किंवा रुळांवर कोणी घुसणे अशा कारणांना मात्र सूट आहे. भरपाई मिळो वा न मिळो, सात राजधान्यांच्या साखळीत एक गाडी चुकली की पुढचे हॉटेल, पुढचे संग्रहालय, पुढचे तिकीट असे सगळेच घसरते. तीन-तीन रात्रींच्या मुक्कामात त्याच उशिराने फक्त एक संध्याकाळ जाते.

व्हिसाही याच दिशेने बोट दाखवतो. वर सांगितलेली सातही शहरे शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. पण अर्ज करायचा तो जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. दोन-दोन रात्रींच्या सात मुक्कामांत हा प्रश्न विनाकारण नाजूक होतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शेतकरी कुटुंबांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने अनेकांकडे विवरणपत्रे नसतात, आणि अर्ज तपासणाऱ्याला सातबारा म्हणजे काय हे माहीत असेलच असे नाही. बँकेतले वर्षभराचे व्यवहार, सातबारा आणि निर्यातदाराने दिलेल्या मालाच्या पट्ट्या यांचे इंग्रजी भाषांतर करून, सोबत एक साधे स्पष्टीकरणाचे पत्र जोडावे. लंडनचा मोह मध्येच घालू नये. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असेल तर लंडनला गेल्यावर परत येता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे वेळ लागू शकतो, म्हणून विमानातून उतरल्यावर लगेचच्या गाडीचे बांधील तिकीट काढू नये.

राजधान्या कमी करायच्या म्हणजे कमी पाहायचे, असा याचा अर्थ नाही, आणि माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत गोड भाग हाच आहे. काही राजधान्या मुक्काम न हलवता पाहता येतात. व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा या एकमेकींच्या फार जवळच्या राजधान्या. गाडीने जेमतेम एक तास. व्हिएन्नात चार रात्री राहावे, बॅगा खोलीतच ठेवाव्यात, सकाळी स्लोव्हाकियाच्या राजधानीत जाऊन किल्ला चढावा, डॅन्यूबच्या काठी जेवावे आणि संध्याकाळी परत यावे. पॅरिसहून ॲमस्टरडॅमला जाताना ब्रुसेल्सला उतरून स्टेशनच्या लॉकरमध्ये सामान ठेवले, तर सेंट्रल स्टेशनपासून ग्राँ प्लास हा देखणा चौक पायी काही मिनिटांवर आहे. चार तासांत तो, त्याभोवतीच्या गल्ल्या आणि एक चॉकलेटचे दुकान निवांत होते. प्रवासही दिवसाउजेडी करावा, कारण खिडकी हेच रेल्वेचे मोठे देणे. बर्लिनहून प्रागला जाताना डावीकडच्या खिडकीशी जागा घ्यावी. ड्रेस्डेन सोडले की एल्ब नदी त्या बाजूने सोबत करते, वाळूच्या दगडाचे उंच सुळके येतात, आणि सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही. उलट माद्रिद आणि लिस्बन या शेजारच्या राजधान्या. नकाशावर त्या जवळ दिसतात, पण त्यांना जोडणारी रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये बंद झाल्यापासून थेट गाडी नाही. गाड्या बदलत सगळा दिवस जातो. तिथे विमानच बरे. रेल्वेचे प्रेम म्हणून ज्या मार्गावर रेल्वे नीट नाही तिथे ती लादू नये.

रात्रीच्या गाडीने हॉटेलचे पैसे वाचतात, हा मुद्दा तरुणांकडून हमखास येतो. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने २०१६ मध्ये जर्मन रेल्वेच्या रात्रगाड्या हाती घेऊन नाइटजेट नावाने त्या वाढवल्या, आणि पंचविशीतल्या माणसाने त्यांचा अनुभव जरूर घ्यावा. पण साठी ओलांडलेल्या जोडप्याला सकाळी सातला परक्या शहरात उतरून तीनपर्यंत खोली नाही, ही अवस्था सोसत नाही. वाचलेली रात्र पुढच्या दिवसाच्या थकव्यातून वसूल होते. सामानाचेही तेच. तिथे हमाल मिळत नाहीत, कित्येक डब्यांना पायऱ्या आहेत, आणि बॅग चढवायला मिळतात दोन-तीन मिनिटे. जी बॅग स्वतः उचलून डोक्याइतक्या उंचीच्या फळीवर ठेवता येत नाही ती नेऊ नये. हे ज्यांना जमणार नाही, ज्यांना रोज भात-वरणच लागते, ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते, त्यांनी मराठी सहल कंपनीबरोबर बसने जावे. त्यात काहीही कमीपणा नाही. केसरी पाटील यांच्यासारख्या माणसांनी १९८४ पासून हा रस्ता तयार केला म्हणून कित्येक मराठी घरांनी युरोप पाहिला. माझा युक्तिवाद रेल्वेने स्वतंत्र जाणाऱ्यांसाठी आहे, कारण वेग स्वतः ठरवण्याची मोकळीक त्यांनाच असते, आणि बरेच जण ती मोकळीक गर्दीच्या यादीत घालवून बसतात.

खाण्याचे एवढेच: चिवडा, चटणी, खाकरे खुशाल न्यावेत, पण पेढे, तूप, पनीर यांना युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून मनाई आहे. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. मुलाला आपल्या बागेतली द्राक्षे न्यावीत असे कोणत्याही आईला वाटेल. परंतु ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे निफाड तालुक्यातून कंटेनर रॉटरडॅमला रीतसर जातात तरी पिशवीतला घड विमानतळावर काढून घेतला जाईल. प्राग आणि बुडापेस्टला युरो हे अधिकृत चलन नाही, अनुक्रमे कोरुना आणि फोरिंट चालतात. एटीएमवर रुपयांत हिशेब करू का असे विचारले तर नाही म्हणून स्थानिक चलनच निवडावे.

राहिला प्रश्न महिन्याचा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठी घर सोडून कोणी जाऊ नये, हे सायखेडेकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ चा पूर सर्वांना आठवतो. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत बाग सोडता येत नाही. उरतो तो एप्रिल छाटणी उरकल्यानंतरचा, उन्हाळ कांदा चाळीत भरल्यानंतरचा मेचा दुसरा पंधरवडा आणि जूनचा पहिला आठवडा, तोही बागेवर भाऊ किंवा विश्वासू माणूस असेल तर. हा काळ तिकडेही चांगला असतो. पॅरिस आणि ॲमस्टरडॅमला रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो, त्यामुळे दुपारी चारला पोहोचलेल्या माणसालाही पाच तास फिरता येते. मात्र ईस्टरनंतर चाळिसाव्या आणि पन्नासाव्या दिवसाच्या आसपास येणाऱ्या सुट्ट्या पाहून घ्याव्यात, कारण तेव्हा गाड्या भरतात. जर्मनी-ऑस्ट्रियात तर रविवारी बहुतेक दुकाने बंदच असतात. अशा दिवशी मोठ्या स्टेशनातले किराणा दुकान उघडे सापडते. या हिशेबाने व्हिसाचा अर्ज डिसेंबरात, काढणीची धावपळ सुरू होण्याआधी द्यावा. त्यासाठी लागणारी हॉटेलची नोंदणी रद्द करता येण्याजोगीच ठेवावी. ठसे द्यायला मुंबईला एकदा जावे लागेल, पण ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात. व्हिसा पासपोर्टवर उमटल्याशिवाय गाडीला बांधलेले स्वस्त तिकीट काढू नये. तो फेब्रुवारीपर्यंत हाती आला तर मेच्या गाड्यांची भाडी तेव्हाही परवडणारी असतात. तीन प्रवासांची तीन तिकिटे एका संध्याकाळी काढून होतात.